मी नवऱ्याला स्टेरॉइड दिलं

मी माझ्या नवऱ्याला स्टेरॉइड दिलं. एकदा चुकून नव्हे. चांगले आठ-दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्यावर, वर आणखी "पाणी पूर्ण प्या" असं दटावून. तेव्हा मी पासष्टीची होते, म्हणजे तशी कोवळीच. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला सगळं कळतं. आता सत्तरी ओलांडल्यावर मी त्या पोरीकडे वळून बघते आणि मनात म्हणते, हिच्या हाती औषधांचा डबा दिला तरी कुणी?

कुणी दिला नव्हता. तिनं स्वतःच घेतला होता. भारतातून अमेरिकेत येणाऱ्या आपल्या प्रत्येक घराच्या सामानात एक कोपरा औषधांचा असतो. तापाच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, पोट बिघडल्यावरच्या, पोट न बिघडल्यावरच्या. इथे डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ताप कंटाळून निघून जातो, म्हणून. बटर बिस्किटांचा निळा गोल डबा इतरांच्या घरी सुई-दोऱ्यासाठी असतो. टेक्ससमधल्या फ्रिस्को गावातल्या आमच्या घरात तो दवाखाना होता आणि त्याची मुख्य वैद्यकीय अधिकारी मी. शेजारपाजारची पुण्या-मुंबईची तरुण मुलं कंपनीच्या मीटिंगमधून उठून यायची, "मावशी, खोकल्याचं काही आहे का हो?" मावशी डबा उघडायच्या. मावशींना कोण आनंद!

त्या डब्यात एक छोटी पांढरी गोळी होती. पुण्यात असताना माझी मान धरली होती, तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं दिलेली. "काकू, डॉक्टर कशाला? या घ्या, तीन दिवसांत उड्या मारायला लागाल." मी खरंच उड्या मारायला लागले. गोळीत काय आहे, हे मी विचारलं नाही. उड्या मारणाऱ्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत. निघताना आणखी चार पट्ट्या घेऊन ठेवल्या.

आता ह्यांच्याबद्दल. आमचे हे नागपूरचे. तरुणपणी तिथे क्लबाचं क्रिकेट खेळायचे. एकदा मोठ्या संघात निवड झाली म्हणून घरी पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी कळलं, जागा दुसऱ्याला गेली. हे दुःख त्यांनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मला सांगितलं. मी बावीस वर्षांची शहाणी. मी विचारलं, "मग पेढ्यांचे पैसे परत मिळाले का?" त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी माझ्यापुढे क्रिकेटचं नाव काढलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही लेकीकडे आलो. घर लेकीचं, गाडी जावयाची, पत्रपेटीवर त्या दोघांची नावं. हे म्हणजे कुणाचे तरी बाबा किंवा कुणाचे तरी आजोबा. नागपुरात ज्यांना रस्त्यात चार माणसं थांबवून नमस्कार करायची, ते इथे सकाळी फिरायला जायचे आणि कुत्र्यांनी ओळखावं एवढीच अपेक्षा ठेवायचे.

एका सकाळी बागेतल्या मैदानावर म्हातारे लोक बेसबॉल खेळत होते. चेंडू ह्यांच्या पायाशी आला. ह्यांनी तो उचलला आणि असा सपाट, सरळ, छातीच्या उंचीवर परत फेकला की खेळ थांबला. साठीच्या पुढच्यांची ती लीग. त्यांना एक माणूस कमी पडत होता. तासाभरानं हे घरी आले ते डोक्यावर कुणाची तरी टोपी घालून.

"अहो, हे काय?"

"मी टीममध्ये आहे," हे म्हणाले. आवाज असा, जणू पेढे पुन्हा आणायचेत.

आणि मग मी वेडी झाले! आधी मला त्यातलं काही कळायचं नाही. फटका मारल्यावर बॅट टाकून पळायचं असतं, हे ह्यांनाही पहिले दोन आठवडे कळलं नव्हतं. बॅट बगलेत घेऊन हे पळायचे आणि अख्खं मैदान ओरडायचं. पण पंधरा दिवसांत मी त्या पत्र्याच्या बाकांवर उशी, छत्री आणि चिवड्याचा डबा घेऊन अशी बसायला लागले, की पंच निर्णय देण्याआधी माझ्याकडे बघायचे.

त्या मैदानाच्या कडेला खाण्यापिण्याची एक टपरीवजा खोली आहे. तिच्या भिंतीवर लाकडी फळी, फळीवर पितळी पट्ट्या. दर हंगामाला सगळे खेळाडू मिळून एकाला निवडतात आणि त्याच्या नावाची पट्टी तिथे लागते. ही त्यांची मानाची भिंत. पहिल्या दिवसापासून हे सरबत घ्यायला तिथे जायचे आणि उगाच जास्त वेळ उभे राहायचे. मला कळायचं. इतक्या वर्षांत तेवढं शहाणपण आलं होतं.

त्या भिंतीला एक नियमही होता. डॉक्टरनं दिल्याशिवाय ताकदीचं, दुखणं दाबायचं असलं काही औषध घेऊन जो खेळेल, त्याचा विचार होणार नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या बेसबॉलच्या मोठ्या लीगची नक्कल म्हणून कुणीतरी तो लिहिला होता. आणि हे म्हातारे तो वाचून हसायचे, कारण खेळायला येताना निम्म्यांच्या खिशात गोळ्यांच्या डब्या असायच्या.

हे मात्र हसायचे नाहीत. दर हिवाळ्यात टीव्हीवर मोठ्या लीगच्या सन्मानाची चर्चा रंगते. सर्वांत थोर खेळाडूंच्या दालनात यंदा कोण जाणार, आणि ज्यांचे फटके अजून कुणाला जमले नाहीत, ते औषधांच्या संशयामुळे बाहेरच का राहणार, यावर. आमच्या दिवाणखान्यात त्यावर महायुद्ध व्हायचं. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला नात. ती तेव्हा कॉलेजच्या संघातून पोहायची.

"डाग म्हणजे डाग!" हे गरजायचे. "दार बंद!"

"पण आजोबा, तेव्हा धड टेस्टिंगच नव्हतं! सगळेच घेत होते. आणि ड्रगनं मसल येतात, पण बॉल तर डोळ्यांनीच बघावा लागतो ना?"

"मग काहून घेतलं? डोळ्यांनीच मारायचं होतं ना बाप्पा, मग मारायचं."

"तुम्ही ना, टू मच स्ट्रिक्ट आहात यार!"

मी मध्ये बसून चिवडा खात दोन्ही बाजूंनी बोलायचे. भांडण संपू नये, एवढीच माझी इच्छा.

तर, मी पासष्टीची होते त्या हंगामाचा शेवटचा सामना आठवड्यावर आला आणि ह्यांचा खांदा गेला. हात वर होईना. सदरा घालायला मी मदत करायची. डॉक्टरला विचारू म्हटलं तर म्हणाले, "तो खेळूच नको म्हणेल." मग माझ्यातल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी जाग्या झाल्या. निळा डबा उघडला. "ह्या घ्या. माझी मान गेली होती ना, त्याच."

तिसऱ्या दिवशी ह्यांनी फडताळाच्या वरच्या फळीवरची बरणी स्वतः काढून दाखवली. चौथ्या दिवशी अंगणात बॅट फिरवली. सहाव्या दिवशी पहाटे उठून गाणं म्हणायला लागले. भूक तर अशी लागली की मी पोळ्या लाटत उभीच. आणि मी, डबा छातीशी धरून, जगाकडे विजयी मुद्रेनं बघत होते.

तो सामना मी मरेपर्यंत विसरणार नाही. टेक्ससचं ऊन, पत्र्याचे बाक तव्यासारखे तापलेले. समोरचा पिचर एक निवृत्त पोस्टमन, उंच, वाळका, चेंडू फेकताना एक पाय असा वर नेणारा की वाटावं, तो खाली यायला विसरला. शेवटचा डाव, आमचे दोन गडी बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, आणि बॅट हातात घेऊन हे! पहिला चेंडू सोडला. दुसऱ्यावर बॅट फिरवली, हुकली. तिसरा आला, आणि आवाज झाला. लाकडाचा तो आवाज! नारळ एका घावात फुटतो तसा, कोरडा, गोल. चेंडू वर गेला, वर गेला, मधल्या खेळाडूनं मान मागे टाकली, पाठ फिरवली, पळाला, आणि मग उभाच राहिला. चेंडू कुंपणापलीकडे झाडात!

मी काय केलं म्हणून सांगू? छत्री उघडीच ठेवून बाकावर नाचले. चिवडा तीन रांगांवर सांडला. हे चारही बेस असे हळूहळू पळत आले, जणू एकेका बेसशी दोन शब्द बोलायचेत. पोस्टमननं टोपी काढली. त्याच आठवड्यात मतदान झालं आणि मानाच्या भिंतीसाठी ह्यांचं नाव निघालं. पट्टी शनिवारी लागणार होती.

मध्ये गुरुवारी नात सुट्टीला घरी आली, सर्दी घेऊन. मी तत्परतेनं डबा काढला.

"नो नो, आजी! मी असं काही घेऊ शकत नाही. माझं टेस्टिंग असतं. प्रत्येक गोळी चेक करावी लागते." असं म्हणता म्हणता तिनं सवयीनं एक-एक पट्टी उचलून फोनवर बघायला सुरुवात केली. "ही ठीक. ही पण... आजी, ही कुणी घेतली?"

"आजोबांनी. खांद्याला. अगं, जादू आहे जादू!"

ती खुर्चीवर बसली. "आजी. धिस इज अ स्टेरॉइड."

"काहीतरीच. ती एवढीशी आहे."

"बॉडीबिल्डिंगवालं नाही, सूज आणि पेन दाबणारं. पण स्टेरॉइडच. मोठ्या कॉम्पिटिशनमध्ये हे चालत नाही. आणि आजोबांना शुगर आहे ना? शुगर किती वाढली असेल!"

शुगर वाढली होती. मी आमरसाला दोष दिला होता.

खरं सांगते, पहिला विचार शुगरचा आला नाही. पहिला विचार आला, शनिवारचा. पट्टी एकदा लागू दे, मग सांगू. नातीनं माझ्याकडे बघितलं. पोहणाऱ्या मुलींची नजर फार थंड असते. दुपारी हे झोपून उठले तेव्हा मी त्यांच्या समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. गोळ्यांची पट्टी हातात दिली, त्यावरचं औषधाचं नाव दाखवलं.

ह्यांनी चष्मा लावून ते नाव अक्षर-अक्षर वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे तो होम रन..." एवढंच म्हणाले.

"तुमचाच होता! तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"तू तर म्हणशीलच."

"अहो, सांगू नका कुणाला. मी केलं, माझ्या डोक्यावर. तुमचं नाव लागू द्या भिंतीवर."

"इतकी वर्षं टीव्हीवरच्या माणसांना शिव्या देऊन राहिलो मी," हे म्हणाले. "आता घरातल्याला सोडू काय?"

संध्याकाळी लेकीनं दोघांनाही फैलावर घेतलं, ह्यांना डॉक्टरकडे नेलं आणि डबा जप्त केला. शनिवारी आम्ही मैदानावर गेलो. टपरीसमोर सगळे जमले होते. लीगचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी खिशातून पट्टी काढून मला आधी दाखवली. आमचं ते लांबलचक आडनाव पितळेवर अचूक कोरलेलं. या देशात डॉक्टरच्या बिलावरसुद्धा ते कधी अचूक आलं नव्हतं.

आणि हे उभे राहिले आणि सांगून टाकलं. साध्या इंग्रजीत, चार वाक्यांत. मला राहवेना. मी ताडकन उठले आणि ओरडले, "मी दिलं! ह्यांना काही माहीत नव्हतं! पकडायचं तर मला पकडा!" टेक्ससमध्ये असं मोठ्यानं म्हणू नये, हे मला नंतर लेकीनं सांगितलं.

मग जो गोंधळ झाला! चेंडू अडवणारा जाडजूड कॅचर म्हणाला, "माझ्या गुडघ्यात स्टील आहे. मग मी कोण?" दुसरा म्हणाला, "मोतीबिंदू काढल्यापासून मला चेंडूची शिवण दिसते. लेन्स परत करू?" तिसऱ्यानं छातीवर हात मारला, "मला तर बॅटरी आहे!" सगळे हसले. मीही हसले. वाटलं, सुटलो.

पोस्टमन हसला नाही. "तुझा गुडघा सगळ्यांना माहीत आहे," तो कॅचरला म्हणाला. "विमानतळावरसुद्धा. तो डॉक्टरनं बसवला, उघड आहे. ह्याचा खांदा दुखत होता हे मला माहीत असतं तर मी त्याला वर चेंडू टाकला असता. मला वाटलं खांदा ठीक आहे. म्हणून खाली टाकला." तो ह्यांच्याकडे वळला. "तू फसवलं नाहीस. पण मी कुणाविरुद्ध खेळलो, हे मला कळलं नाही."

 मुख्याध्यापक म्हणाले, पुन्हा मत घेऊ. तेव्हा ह्यांनी हात वर केला. "मत घेतलं तर तुम्ही मला वाचवाल. तुम्ही चांगले लोक आहात. म्हणून घेऊ नका. नियम लिहिलेला आहे."

मुख्याध्यापकांनी पट्टी परत खिशात ठेवली. पुढच्या हंगामात सगळे पुन्हा नव्यानं, हेही, असं ठरलं. त्या वर्षी भिंतीवर काहीच लागलं नाही.

एक सांगायचं राहिलं. पांगापांग होताना तीन जण एकेकटे माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात विचारून गेले, "मॅम, त्या गोळ्या उरल्यात का?" उरल्या असत्या तर त्या दिवशी अख्खी लीग बाद झाली असती. आणि टपरीत त्या फळीशेजारी आता एक कागद लावलेला आहे: खेळाडूंना काहीही देण्याआधी विचारावं. नाव लिहिलेलं नाही, पण सगळे माझ्याकडे बघून हसतात. म्हणजे आमच्या घरातून भिंतीवर पहिली मीच लागले.

पण घरात हे गप्प झाले. पट्टी गेली ह्याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. मला ते नंतर कळलं. हिवाळा आला, टीव्हीवर पुन्हा तीच चर्चा. मी मुद्दाम चिवडा घेऊन बसले. हे गरजले नाहीत. पडद्यावर औषधं घेतलेल्या एका खेळाडूचे जुने फटके दाखवत होते, तेव्हा नातीला म्हणाले, "ह्या माणसाला स्वतःला तरी माहीत असेल काय गं, ह्यातला कोणता फटका त्याचा होता?"

"आजोबा, त्याला माहीत होतं, तो काय घेतोय ते."

"घेतलं ते माहीत असेल. मी फटक्याचं विचारून राहिलो."

नातीनं टीव्हीचा आवाज बंद केला. मी तोंड उघडलं होतं. ते मिटून घेतलं.

वसंतात डॉक्टरनं परवानगी दिली. दाराच्या मुठीला रबरी पट्टा बांधून हे रोज खांद्याचा व्यायाम करायचे, दात-ओठ खात. खांदा निम्मा सुटला, निम्मा नाही. पहिलाच सामना त्याच पोस्टमनशी. मी बाकावर बसले, चिवड्याशिवाय, छत्री मिटून. पहिल्या खेपेला हे बाद. दुसऱ्या खेपेला बॅट चेंडूला लागलीच नाही. माझी मान खाली. तिसऱ्या खेपेला पोस्टमन एक पाय वर नेऊन पुन्हा उभा, ह्या वेळी चेंडू वर टाकणार हे मलासुद्धा माहीत होतं, कारण खांदा दुखतो हे आता सगळ्या लीगला माहीत होतं. वरच आला. हे कळवळून खांदा उचलून झेपावले आणि चेंडू बॅटच्या टोकाला लागून घरंगळत निघाला, लंगड्या उंदरासारखा, रेषेच्या कडेकडेनं. पोस्टमन वाकला, पाय घसरला. हे पळाले! धूळ, बूट, टोपी एका बाजूला, आणि पहिल्या बेसवर पाय. पंचांनी दोन्ही हात पसरले. सुखरूप!

 मागच्या वेळी इतकी नाचले होते आणि तो फटका कुणाचा निघाला, हे आठवून मी हात मांडीखाली धरून बसले होते. पहिला बेस माझ्या बाकासमोरच. हे धापा टाकत, खांदा चोळत, कुंपणाकडे वळले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले:

"काहून गप्प बसून राहिली गं? मागचा तो मोठा फटका गोळीचाच होता, मला माहीत आहे. हा एवढासा आहे, पण हा माझा आहे. आता ओरड!"